स्नीक: हळूच, चोरून की घुसडून?

‘स्नीक’ या इंग्रजी शब्दाशी माझी आठवड्यातून एकदा तरी गाठ पडते. ॲप आणि वेबसाइटवरचा मजकूर मराठीत करणं हे माझं काम. एक्सेलच्या एका रकान्यात इंग्रजी ओळ असते, शेजारचा रकाना माझ्यासाठी रिकामा. नव्या सीरिजचा ‘स्नीक पीक’ आला की मी ‘पहिली झलक’ लिहून मोकळी होते. गेममध्ये पहारेकऱ्याच्या मागून ‘स्नीक’ करायचं असेल तर ‘दबकत जा’. गोष्टीतली मुलगी रात्री घरातून ‘स्नीक आउट’ झाली तर ‘गुपचूप सटकली’. इंग्रजीत शब्द एकच, पण मराठीत लिहिताना आधी विचारावं लागतं: कोण चाललंय, कुणापासून लपून, आणि कशासाठी?

कारण आपल्याकडे लपूनछपून करायच्या गोष्टींची नीट वर्गवारी आहे. आपण निघताना आजी मुठीत नोट कोंबते ती ‘हळूच’. भाजीवाल्या मावशी पिशवीत चार मिरच्या आणि कढीपत्त्याची काडी टाकतात तीही हळूच. कॉलेज बुडवून सिनेमाला जायचं ते ‘चोरून’. रात्री उशिरा घरी आलो की ‘चोरपावलांनी’ खोलीत शिरायचं. यात चोर आहे, पण त्याच्यावर राग असतोच असं नाही. क्रिकेटच्या मराठी समालोचनात ‘चोरटी धाव’ म्हणतात तेव्हा फलंदाजाचं कौतुकच असतं. कोटाला चोरखिसा असतो, कपाटाला चोरकप्पा असतो. रायगडाच्या तटबंदीत चोरदिंडी आहे आणि तिथे उभं राहून आपण अभिमानाने फोटो काढतो.

इंग्रजी ‘स्नीक’ला मात्र पहिल्यापासून तुच्छतेचा वास आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो लिखाणात दिसू लागतो, शेक्सपिअरच्या नाटकांतही सापडतो. सरपटणं या अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी शब्दाशी त्याचं नातं लावतात, पण मूळ पक्कं झालेलं नाही. म्हणजे शब्दसुद्धा कुठून आला ते कुणाला कळू न देता भाषेत शिरला. त्याचा ‘स्नीक्ड’ हा भूतकाळ सगळ्यांना चालत होता, तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ‘स्नक’ हे रूप मागच्या दाराने आलं आणि आज तिथे राजरोस वावरतं.

ब्रिटिश शाळांत ‘स्नीक’ म्हणजे सरांकडे जाऊन चहाडी करणारा, आपल्या भाषेत चोंबडा. हॅरी पॉटरचं पाचवं पुस्तक वाचलेल्यांना आठवेल. गुप्त गटाची माहिती फोडणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर फोड उठतात आणि त्या फोडांतून हाच शब्द उमटतो. जादू करून ठेवलेली असते हर्मायनीने. मुलांच्या जगात याहून मोठी शिवी नाही.

मला सगळ्यात आवडते ती स्नीकर्सची गोष्ट. रबरी तळव्याच्या बुटांचा आवाज होत नाही, म्हणून हे नाव. पण चोरपावलं कुणाची? १८६२ साली लंडनमध्ये बायकांच्या तुरुंगांवर एक पुस्तक निघालं. त्यात ब्रिक्स्टन तुरुंगाची नोंद आहे: रात्रपाळीची पहारेकरीण रबरी बूट घालून फिरते आणि कैदी बायका त्या बुटांना ‘स्नीक्स’ म्हणतात. पुढे १८८७ साली बॉस्टनच्या एका नियतकालिकात ‘स्नीकर्स’ हा शब्द येतो. तिथे टेनिसच्या बुटांना हे नाव शाळकरी पोरांनी दिलंय, आणि ते किती चपखल आहे हे त्रासलेल्या मास्तरांनाच कळेल, असं म्हटलंय. म्हणजे लंडनमध्ये बिनआवाजाचे बूट पहारा करणारीच्या पायात, तर बॉस्टनमध्ये ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं त्या पोरांच्या. बूट सारखेच. पण तुरुंगातल्या बाईला त्या पावलांची धास्ती वाटत असणार आणि बॉस्टनच्या पोराला मजा.

म्हणून ‘स्नीक’ दिसला की मी आधी बूट कुणाच्या पायात आहेत ते बघते.

आज ते आपल्या फोनमध्ये आहेत. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने २०१० साली ‘डार्क पॅटर्न’ हा शब्द रूढ केला. वापरणाऱ्याला फसवून नको ते करायला लावणारी स्क्रीनची रचना, असा त्याचा अर्थ. त्याने अशा युक्त्यांची यादी केली, तिच्यात एक होती ‘स्नीक इन्टू बास्केट’. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत १३ डार्क पॅटर्न दिले आहेत आणि त्यांतला एक ‘बास्केट स्नीकिंग’. पैसे भरायच्या टप्प्यावर तुमची संमती न घेता एखादी वस्तू, सेवा किंवा देणगी बिलात जोडायची आणि रक्कम फुगवायची. विमानाचं तिकीट काढताना प्रवास विमा आपोआप जोडणं, हे उदाहरणही तिथे दिलेलं आहे.

हे मराठीत कसं लिहायचं? ‘टोपलीत चोरी’ म्हणावं तर आपला चोर काहीतरी घेऊन जातो, हा ठेवून जातो. ‘हळूच टाकणं’ तर मुळीच नाही. मावशींच्या मिरच्या हळूच येतात आणि पैसे मावशींचे जातात. इथे वस्तू हळूच येते आणि पैसे आपले जातात.

शब्द मिळाला तो बाबांमुळे. बाबा एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत, इस्लामपूरला असतात. गेल्या दिवाळीत पुण्याला यायला त्यांनी पहिल्यांदा स्वतः एका खासगी ॲपवर बसचं तिकीट काढलं. आल्यावर चहाही न घेता म्हणाले, “अगं, हिशोबात पंचवीस रुपये जास्त गेलेत. माझ्याकडूनच कुठंतरी दाबलं गेलं असेल.”

पंचवीस रुपयांसाठी हा माणूस रात्रभर जागा होता. मला आधी हसू आलं, मग लक्षात आलं की बाबांचं आयुष्य वे-बिलावर गेलंय. तिकिटांचा हिशोब आणि पिशवीतली रोकड जुळली नाही, तर जाब कंडक्टरने द्यायचा. आणि त्यांच्या कामात पैसे मागायला आवाज असायचा. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा टकटक वाजवत ते गर्दीतून पुढे यायचे. सुटे नसले तर तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायचे. प्रवाशाचं किती देणं लागतो हे प्रवाशाच्याच हातात, सहीनिशी.

मी त्यांच्या फोनवर तेच तिकीट पुन्हा काढायला घेतलं आणि पैसे भरायच्या आधी थांबले. शेवटच्या स्क्रीनवर दोन चौकोन होते. प्रवास विमा पंधरा रुपये, एका चांगल्या कामासाठी देणगी दहा रुपये. दोन्हींवर बरोबरची खूण आधीच केलेली. अक्षरं फिकट राखाडी, आणि खाली ‘पैसे भरा’चं भलंमोठं हिरवं बटण.

“बाबा, तुम्ही काहीच दाबलं नव्हतं. या खुणा आधीच होत्या.”

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. “म्हणजे यांनी घुसडलंय.”

घुसडलंय! एवढे दिवस मी शोधत होते तो शब्द. ‘दाबलं गेलं’ म्हटलं की कुणीच काही केलेलं नसतं, फार तर आपलं बोट चुकलेलं असतं. घुसडायला मात्र कुणीतरी लागतं. स्क्रीनवरच्या या चोरपावलांचा खरा तोटा पंचवीस रुपयांचा नाही. तिथे चोर दिसतच नाही, म्हणून माणूस स्वतःलाच पकडतो. ‘आपल्याला फोनमधलं कळत नाही’, ‘आपलं वय झालं’ असं म्हणत पुढच्या वेळी तिकीट काढायला मुलांना सांगतो. बाबा त्याच वाटेवर होते.

हे फक्त बाबांच्या वयाचं आहे असंही समजू नका. फुकटची ट्रायल संपल्यावर महिनोन् महिने पैसे कापले जात होते, हे उशिरा कळल्यावर माझ्या पंचविशीतल्या मैत्रिणीनेही ‘मीच येडी’ असंच म्हटलं होतं. त्या युक्तीलाही सरकारी यादीत जागा आहे, ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ नावाने.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. मी बाबांना म्हटलं, तक्रार करू या. त्यांना वाटलं पंचवीस रुपयांसाठी कोण ऐकणार. मग म्हणाले, “पण असे रोज किती जण तिकीट काढत असतील गं?” आणि स्वतःच नंबर फिरवला. तपशील इतका चोख सांगितला, जणू डेपोत हिशोब देतायत.

माझ्या एक्सेलमध्ये आता ‘बास्केट स्नीकिंग’समोर ‘बिलात घुसडणे’ असं लिहिलेलं आहे. परीक्षण करणाऱ्याने शेरा मारला होता, शब्द जरा रांगडा वाटतो, सौम्य पर्याय आहे का? मी उत्तर दिलं की कृत्य सौम्य नाही.

बाबा अजूनही तिकीट स्वतःच काढतात. फक्त आता शेवटचा स्क्रीन मोठ्याने वाचतात, एकेक ओळ, पूर्वी थांब्यांची नावं पुकारायचे तशा आवाजात. मध्येच थांबून फोनलाच विचारतात, “हे कुणी टाकलं?” आणि खूण काढून पुढे जातात.