खाडीकाठचं परडं

दाभोळला वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते. खाडीच्या उत्तरेला दापोली तालुका, दक्षिणेला गुहागर. दोन्ही काठांवर कोकणी मुसलमानांच्या जुन्या वस्त्या आहेत. जांभ्या चिऱ्यांची घरं, पुढे पडवी, मागे विहीर आणि विहिरीला लागून परडं. इथले पुरुष आधी जहाजांवर आणि पुढे आखातात कमवायला गेले. त्यामुळे परड्याचा कारभार बायकांच्याच हाती राहिला. माझ्या फुफीचं परडं अशाच एका मोहल्ल्यात आहे. गणपतीची सुट्टी लागली की मी तिकडे जाते.

बाहेरच्यांना वाटतं, पाऊस असेपर्यंतच कोकणात भाजी पिकते. प्रत्यक्षात पाऊस ओसरू लागला की कामाची खरी गर्दी होते. जून ते सप्टेंबर इथं ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पाणी साचून मुळं कुजू नयेत म्हणून पावसाळी वाफे उंच असतात. ऑक्टोबरच्या उन्हात मात्र हीच उंची नडते, कारण जांभ्याची माती पाणी धरून ठेवत नाही. फुफी म्हणते, "चार महिने पाण्याला वाट दिली, आता त्याला अडवायचं." उंच वाफे मोडून सपाट करायचे, कडेनं लहान बांध घालायचा, उन्हाळ्यापासून कुजत ठेवलेलं शेणखत मिसळायचं. वर चुलीची राख, पण मूठभरच. इथली माती आम्लधर्मी आहे. राखेनं तिचा आंबटपणा थोडा उतरतो.

पेरणीचा दिवस ठरतो नक्षत्रावर. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यानं रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. म्हणून आमच्या मोहल्ल्यात रोजे आणि ईद चांदावर, पण पेरणी उत्तरा आणि हस्तावर. साधारण १३ सप्टेंबरला उत्तरा लागतं, २७ च्या सुमारास हस्त. उत्तरात मिरची, वांगी आणि टोमॅटोचं बी रोपासाठी टाकायचं. चार ते सहा आठवड्यांत रोपं लावायला तयार होतात. हस्ताचा पाऊस थांबला की लाल माठ, मुळा, पालक, मेथी. माठ महिन्याभरात हाती येतो, मुळ्याला दीड महिना लागतो. कोथिंबिरीचे धणे हातानं रगडून दोन फाका करायच्या आणि रात्रभर भिजवून पेरायचे. हळवं भात कापलं की शेताच्या उरल्या ओलीवर कडवे वाल. त्यांना वरून पाणी द्यावं लागत नाही.

जुन्या मांडवाकडेही बघावं लागतं. पडवळ, दोडकी, काकडी यांचे वेल आता थकलेले असतात. पिवळी, भुरी पडलेली पानं काढून टाकायची. फळमाशीनं डंख मारलेली फळं वेलाखाली पडू द्यायची नाहीत. ती खोल पुरायची, नाहीतर त्यातल्या अळ्या मातीत जाऊन पुन्हा माश्या होतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं यासाठी 'रक्षक' सापळा काढला आहे. वेलभाज्यांचं आमिष आणि आंब्याचं आमिष वेगळं असतं, एवढं घेताना विचारून घ्यावं.

वानरांवर मात्र सापळा नाही. पिकातून माणसानं, पाखरानं किंवा जनावरानं खाल्लं तर लावणाऱ्याला सदक्याचं पुण्य मिळतं, अशी हदीस आहे. फुफी हसून म्हणते, "मग माझा सदका रोज सकाळी छपरावरून उड्या मारत येतो."

या दिवसांतलं सर्वांत महत्त्वाचं काम बियाण्याचं. फुफीकडे तवशाचं एक जुनं वाण आहे, तिच्या सासूपासून चालत आलेलं. वेलाच्या मधल्या भागातलं एक निरोगी तवसं ती पिकून पिवळं होईपर्यंत ठेवते. गरातलं बी दोन दिवस तसंच ठेवून धुते, सावलीत वाळवते आणि राखेत घालून बाटलीत बंद करते. बाजारची काकडी ती परड्यात लावू देत नाही, कारण मधमाश्या दोन्हींचे पराग एकत्र करतात आणि पुढचं बी मूळ गुणाचं राहत नाही.

पूर्वी हे बी मोहल्ल्यातल्या तीन घरांत असायचं. एकाचा वेल गेला तर दुसऱ्याकडून मागून आणता यायचं. आता त्यातल्या दोन घरांना कुलूप आहे. माणसं कुवेतला आणि मुंब्र्याला आहेत. तीन-चार वर्षं पेरलं नाही की बी उगवत नाही. फुफीची सत्तरी उलटली आहे. गेल्या वर्षी तिनं मूठभर बी शेजारच्या कुणबी वाडीतल्या एका बाईला दिलं, आणि तिच्याकडून वालाचं घेतलं. मी विचारलं, "घरचं बी बाहेर दिलंस?" ती म्हणाली, "पोरी, दिलं म्हणून तर राहिलं. कुलपाआड ठेवलं असतं तर गेलं असतं."

भगिनींनो, तुमच्या अम्मी-दादीच्या गावी असं एखादं बी असेल तर याच महिन्यात मागून घ्या. थोडं फ्लॅटच्या गॅलरीतल्या जुन्या बादलीत लावा, थोडं शेजारणीला द्या. तीन घरांत पोहोचेपर्यंत देत राहा.