पासिंग झालं, पण घाटाचं काय?

बागली, जि. देवास

चि. बाळ यास,


गाडीचं पासिंग झालं हे तू फोनवर आनंदानं सांगितलंस आणि लगेच भाड्याच्या हिशेबाला लागलास. जुनी दहाचाकी घेऊन नाशिकचा कांदा इंदूरला आणायचा आणि परतीला सोयाबीनची पेंड न्यायची, हा बेत चांगला आहे. पण काही गोष्टी फोनवर ऐकल्या की विसरल्या जातात, म्हणून लिहितो. देवासला पवारांच्या काळात आलेलं आपलं घराणं, सगळे कचेरीत खर्डेघाशी करणारे. चापड्याच्या चौफुलीवर ब्रेकची कामं करून हात काळे करणारा मीच पहिला. तेव्हा या एका बाबतीत माझं ऐक.

पासिंगला, म्हणजे फिटनेस प्रमाणपत्राला, मी नावं ठेवत नाही. नव्या मालवाहू गाडीला ते पहिली दोन वर्षं चालतं, पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावंच लागतं. पूर्वी त्याची काय दशा होती, हे तुमच्या महाराष्ट्रातच कोर्टापुढे आलं. पुण्याच्या एका नागरिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं ब्रेकच्या चाचणीसाठी आरटीओकडे २५० मीटरचा ट्रॅक हवाच असं बजावलं, आणि ट्रॅक नसेल तिथे फिटनेस देणं २०१७ साली थांबवायला लावलं. पुढे केंद्रानं २०२१ मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम काढले. अवजड मालवाहू गाड्यांना त्यांची सक्ती आधी एप्रिल २०२३ पासून होती, ती १ ऑक्टोबर २०२४ वर गेली. तिथे चाकं रोलरवर चढवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती पकडतो ते यंत्र मोजतं. स्टिअरिंगचा प्ले, हेडलाइट, धूर, सगळं पाहतं. माणसाच्या मर्जीपेक्षा यंत्र केव्हाही बरं.

तरीही एक लक्षात घे. यंत्रावर गाडी चढते ती रिकामी आणि थंड. घाट उतरते ती भरलेली आणि तापलेली.

इंदूरच्या पलीकडचा धार जिल्हा बघ. तिथे पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, २०२१ साली सुरू झालेला. देशभरातल्या नव्या गाड्या तिथे तपासायला येतात. त्याच जिल्ह्यात मानपूर ते धामनोदच्या मध्ये गणपती घाट आहे. इंदूरकडून उतरणारे भरलेले ट्रक ब्रेक न लागल्यानं समोरच्या गाड्यांवर जाऊन आदळायचे, काही पेटायचे. किती घरं बसली त्या उतारावर! अखेर उतरणाऱ्या गाड्यांसाठी ८.८ किलोमीटरचा वेगळा, कमी उताराचा रस्ता काढला आणि २०२४च्या अखेरीस तो खुला झाला. त्या उतारावर उलटलेल्या गाड्यांतही फिटनेसचे कागद असतीलच की. परतीच्या फेरीत तुझी गाडी पेंड भरून याच वाटेनं उतरणार, आणि पुढे सेंधव्यानंतर बिजासनचा घाट आहेच. आमच्याकडे चापड्याहून कन्नोदला जाताना धनतालाबचा घाट लागतो, तिथेही हीच रड.

‘ब्रेक फेल’ झाला असं सगळे म्हणतात. पण ब्रेक सहसा एकाएकी फेल होत नाही, तो आधी कित्येक दिवस सांगत असतो. लाइनर झिजलं की त्याच्यात आणि ड्रममध्ये अंतर पडतं. मग ब्रेक चेंबरच्या दांड्याला जास्त बाहेर यावं लागतं. सपाटीला हे जाणवतच नाही. घाटात सारखा पाय दाबून ठेवला की ड्रम तापतो, फुगतो, लाइनरपासून आणखी लांब जातो. दांडा शेवटापर्यंत येतो आणि पुढे जायला जागाच उरत नाही. हवेचा काटा बरोबर असतो, पेडलही दबतं, गाडी मात्र थांबत नाही. त्यात वरून जास्तीचा माल आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल, म्हणजे इंजिनाचाही आधार गेला. ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर, हे जुने ड्रायव्हर उगाच सांगत नाहीत.

म्हणून रोज निघण्यापूर्वी पाऊण तास गाडीला द्यायचा. सपाट जागा, चाकांना दगड. हवा भरल्यावर इंजिन बंद करून ब्रेक दाबून ठेवायचा आणि काटा खाली येतो का ते बघायचं. कुठे फुसफुस ऐकू येते का, कान द्यायचा. टाकीतलं पाणी काढायचं. सगळ्या चाकांचे दांडे सारखे येतात का, ते खाली वाकून पाहायचं. एक जरी लांब आला तरी दांड्याचं अंतर जुळवणारा स्लॅक अ‍ॅडजस्टर मिस्त्रीला दाखवायचा. टायरवर टॉमी मारायची, जोडचाकात दगड अडकलाय का पाहायचं, पुढच्या चाकांना रिमोल्ड टायर कधीच नाही. नट, कमानीचे पाटे, यू-बोल्ट, मागचे दिवे. पावसाळ्यात वायपरही.

हे सगळं ड्रायव्हरला माहीत असतं. प्रश्न असतो तो पुढचा: दोष सापडला तर काय? मालक फोनवर म्हणतो, ‘या खेपेला काढ, आल्यावर बघू.’ अमेरिकेत दोष आढळला तर ड्रायव्हरनं तो लिहून द्यायचा, मालकानं दुरुस्त करून सही करायची आणि ती सही पाहून पुढच्या ड्रायव्हरनं गाडी काढायची, असा कायदाच आहे. रस्त्यावर तपासणीत ब्रेक निकामी निघाले तर गाडी तिथेच उभी. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याचं कलम १९० आहे. साधी काळजी घेतली असती तर दिसला असता असा दोष असलेली गाडी जो चालवतो, आणि जो चालवू देतो, ते दोघेही गुन्हेगार. पण हे कलम बहुधा अपघातानंतर आठवतं, आणि तेव्हा समोर सापडतो तो ड्रायव्हर.

तेव्हा तू मालक म्हणून एवढं कर. गाडीत एक वही ठेव. ड्रायव्हरनं रोज तपासून सही करायची, दोष लिहायचा. दुरुस्ती झाली की खाली तुझी सही. आणि पहिल्याच दिवशी त्याला सगळ्यांसमोर सांग की ब्रेकबद्दल शंका असेल तर गाडी काढायची नाही, भाडं बुडालं तरी पगार कापला जाणार नाही. थांबायची मुभा नसेल तर ती तपासणी म्हणजे नुसती पूजा. पासिंग सरकार करतं, पण गाडी रस्त्यावर काढायची की नाही हे ठरवायचा हक्क ज्याचा जीव स्टिअरिंगमागे आहे त्याला दे. हे तुला जमणार नसेल, तर आताच गाडी विकून टाक.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा