दुसरा कोस

डोंगरावरील प्रवचनाचा पाठ चालला असता नववीतील एका मुलाने आम्हांस विचारले, "सर, वेठीस धरणाऱ्याबरोबर एकाऐवजी दोन कोस जायचे, म्हणजे अन्याय करणाऱ्याचे फावणार नाही काय?" तोच घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. ते आज येथे देत आहो.

वेठ म्हणजे काय, हे आमच्या घराण्यास पुस्तकातून शिकावे लागले नाही. आमचे आजोबा कोरेगाव तालुक्यातील एका खेड्यात राहत. बाप्तिस्मा झाला होता, परंतु वतनाचे काम सुटले नव्हते. टपाल पोहोचवावे, चावडीवर माणसे बोलवावी, अंमलदाराचे ओझे वाहावे. रात्र म्हणू नये, पाऊस म्हणू नये. मोबदला म्हणजे थोडे बलुते व तुकडाभर जमीन. ही गुलामी तोडण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल मांडले. पुढे १९५० साली राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने बिगार निषिद्ध ठरविली, आणि १९५८ च्या कायद्याने ती वतनेही गेली.

त्यापूर्वीची गोष्ट. एका कारकुनाचे ओझे आजोबांनी कोरेगावास नेले. तेथे कारकुनास ताप भरला, तेव्हा कोणी न सांगता त्यांनी त्यास हाताला धरून साताऱ्यास पोहोचविले. त्याच वर्षी एका विधवेच्या जमिनीच्या खोट्या कागदावर साक्षीदार म्हणून अंगठा उठविण्याचा हुकूम त्यांना झाला. आजोबा हात जोडून म्हणाले, "ओझं नेईन, पण अंगठा देणार नाही." त्या सुगीस त्यांच्या घरी बलुत्याचा दाणा आला नाही.

प्रभूच्या काळी रोमी शिपाई वाटसरूच्या डोक्यावर आपले ओझे देत. कुरेनेकर शिमोनावर वधस्तंभ लादला गेला तोही असाच. मूळ ग्रीकात दोन्ही ठिकाणी एकच क्रियापद आहे. परंतु महायाजकापुढे चपराक बसली तेव्हा प्रभूने उलट हात उगारला नाही, तरी मारण्याचे कारण विचारलेच. फिलिप्पै येथे चौकशीवाचून फटके खाल्लेला पौल गुपचूप निघून जाण्यास तयार झाला नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपणांस बाहेर न्यावे, असा त्याने आग्रह धरला. सोसणे निराळे आणि असत्यास संमती देणे निराळे.

हे आम्हांस फार उशिरा कळले. सांगलीकडे एका संस्थेत आम्ही प्रथम नोकरीस लागलो, तेव्हा पूर्ण पगाराच्या आकड्यावर सही घेऊन हातात निम्मी रक्कम ठेवीत. आठ महिने आम्ही सही केली. हाच आमचा दुसरा कोस, असे म्हणून मनाचे समाधानही करून घेत असू! एके दिवशी हे वडिलांच्या कानी घातले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांना सही येत नव्हती."

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी चालकांस नम्रपणे लिहिले की, संस्था अडचणीत असेल तर निम्म्या पगारावर आनंदाने शिकवू. मात्र कागदावर जे मिळते तेच लिहावे. महिनाअखेर नोकरी गेली. वर्षभर पत्नीच्या शिवणयंत्रावर घर चालले. सही करीत राहिलेल्या सहकाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. त्यांच्या घरी मुले होती, आणि आठ महिने आम्हीही त्यांच्यातच होतो.

तेव्हा, बाळा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे: ओझे आपल्याच खांद्यावर असेल तर दोन कोस जावे, आणि जाता जाता हा अन्याय आहे हेही सांगावे. पण ज्या कोसावर आपल्याकडून खोटे वदविले जाते किंवा दुसऱ्याचे घर बुडते, तेथे पहिले पाऊलही टाकू नये. नकार देताना मात्र आजोबांसारखे हात जोडलेले असावे. ते आम्हांस अजून पुरते साधलेले नाही.