उरलेली दहा मिनिटं

आबा संबळ वाजवायचे. सोनारीच्या भैरवनाथाच्या चैत्रातल्या यात्रेत सनई, सूर आणि संबळ असं तिघांचं वाजप देवळापुढं उभं राहायचं. लोक सनईवाल्याकडं बघायचे. सूर धरणारा गाल फुगवून एकच स्वर लावून धरतो, त्याच्याकडं कोण बघतंय? आमच्यात तो सूर माझे चुलते धरायचे. एका यात्रेत कुणा पाहुण्यानं ते वाजवणं टेप केलं आणि साठ मिनिटांची ती कॅसेट आबांना देऊन गेला. पुढच्या पावसाळ्यात चुलते वारले.

मी तेव्हा बार्शीला कॉलेजात होतो. खोलीवरच्या मित्राकडं 'कॉल ऑफ द व्हॅली' होती. 1967 ची रेकॉर्ड. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरातल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून थेट पहाडीपर्यंत. मी येडाच झालो. कोऱ्या कॅसेटला पैसे नव्हते, म्हणून घरच्या फळीवरची एक उचलून नेली. कॅसेटच्या पाठीवरचे दोन बारके प्लास्टिकचे तुकडे मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. हे आबांना कुणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं. वर नाव नव्हतं, आणि मी लावूनही बघितली नाही.

सुट्टीत आबांना कौतुकानं ऐकवली. ते रानातून आले होते, पाय धुऊन तसेच उंबऱ्यावर टेकले.

"मेंढरामागचं हाय व्हय हे? ब्येस हाय." थोड्या वेळानं म्हणाले, "तबल्याला कोण हाय रं?"

मला तिघांचीच नावं ठाऊक होती. माणिकराव पोपटकर हे चौथं नाव पुढं कितीतरी वर्षांनी कळलं.

वीसेक मिनिटांनी पिलू संपला. टेपची नुसती खरखर. आणि एकदम, मधूनच तोडल्यासारखी सनई उसळली. मागं चांगभलंचा गलका, माकडांची चिरचिर, आबांचा संबळ. माझ्या पोटात गोळा आला.

आबा काही बोलले नाहीत. मांडीवर त्यांची बोटं हलत होती. बाजू संपून टेप खट्कन थांबला तेव्हा म्हणाले, "पलटी कर."

दुसऱ्या बाजूला भूप, देस, पहाडी. ते सगळं त्यांनी सबुरीनं ऐकलं, पुढं पळवू दिलं नाही. मग पुन्हा ती उरलेली दहा मिनिटं.

आता मी ऐकतो ते सुरासाठी. सनई श्वासाला थांबते, संबळ लय बदलताना एकदा अडखळतो, माकड जवळ येतं तसं कुणीतरी हाड्हाड् करतं. चुलत्यांच्या सुराला मात्र कुठं खळ नाही.

त्या रात्री मी कॅसेटचे दोन्ही तुकडे मोडायला घेतले. चाकू आबांनीच आणून दिला.