कलमांचा करार

रत्नागिरीतील आमच्या चर्चच्या आवारात हापूसची सात जुनी कलमे आहेत. चार वर्षांपूर्वी सभागृहाचे छप्पर गळू लागले, तेव्हा आम्ही ती एका ठेकेदारास कराराने दिली. हापूस एक वर्ष भरभरून धरतो आणि दुसऱ्या वर्षी रुसतो. आमची झाडे मात्र तीन हंगाम ओळीने लगडली. आम्हांला आनंद झाला. कारण आम्ही विचारले नाही.

चौथ्या वर्षी पालवी आखूड, मुठीसारखी आवळलेली आली. एका वृद्ध बागायतदाराने फांदी वाकवून पाहिली आणि विचारले, "फादर, कल्टार किती घातलंय?" आम्हांला ठाऊक नव्हते.

सेमिनरीत वनस्पतिशास्त्र नव्हते. तेव्हा आम्ही पुस्तके काढून बसलो. झाडाच्या अंगी जिबरेलिन नावाचे संप्रेरक असते. ते पेरे लांबवते, पालवी वाढवते. त्याच्या शोधाची कथा मोठी गमतीची आहे. भाताची काही रोपे अकारण उंच होऊन मरत. जपानी शेतकरी त्या रोगास 'खुळे रोप' म्हणत. कुरोसावा या संशोधकाने १९२६ साली दाखविले की, हे खूळ एका बुरशीतून स्रवणाऱ्या द्रव्याचे आहे. पुढे तसलीच द्रव्ये निरोगी वनस्पतीही स्वतः निर्माण करतात असे आढळले. आंब्यात जिबरेलिन घटले की झाड पालवीचा नाद सोडून मोहोराकडे वळते. कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल, त्याची निर्मितीच रोखते.

औषध वाईट नव्हे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानेच त्याची शिफारस केली आहे: जुलै-ऑगस्टमध्ये, झाडाच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला ३ मिलिलिटर. परंतु ते मातीत दीर्घकाळ राहते, आणि अतिरेक झाला तर झाड खुरटते. ज्याचा करार चार वर्षांचा, तो झाडाच्या चाळिसाव्या वर्षाची चिंता कशाला करील? आणि ज्यांना छप्पर हवे होते, त्या आम्ही तरी कुठे केली?

यंदा दोन कलमांना मोहोरच नाही. आम्ही आळ्यांत शेणखत घातले आहे. ठेकेदार नवा करार घेऊन आला होता; रक्कम पूर्वीपेक्षा मोठी. औषध आमच्यासमक्ष मोजून घालावे, एवढी एकच अट आम्ही लिहून मागितली. तो हसला. "फादर, मग आमचा हिशेब बसायचा नाही."

कागद मेजावर तसाच आहे. पावसाळ्यापूर्वी उत्तर द्यायचे आहे, आणि सभागृहाच्या भिंतींचा रंग अजून बाकी आहे.