मेणकापड

गेल्या महिन्यात वॉर्डच्या स्टोअरमध्ये मेणकापडाचा नवा गठ्ठा आला. सिस्टरनी सांगितलं म्हणून मी सुतळी कापली, वरचा कागद फाडला आणि तो वास आला. कोऱ्या रबराचा, त्यावर मारलेल्या पावडरीचा. हातातली कात्री तशीच राहिली. आमच्या घरात हा वास मी नववीत असताना शिरला आणि माझी पंचविशी उलटल्यावर गेला.

आम्ही इचलकरंजीचे. अण्णा लूमवर, आई कांड्या भरायला. एके दिवशी कारखान्यातल्या माळ्याची शिडी सरकली आणि कमरेखालची आई कायमची थांबली. अण्णांची पाळी बारा तासांची. ते घरी बसले असते तर चूल बंद पडली असती. बहीण तिसरीत होती. उरलो मी. कुणी बैठक घेऊन ठरवलं नाही. आधी वार्षिक परीक्षा बुडाली, मग जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि मी गेलो नाही, एवढंच.

मेणकापड नुसतं अंथरून भागत नाही. खाली गादी ओली होऊ देत नाही हे खरं, पण वरचा घामही ते जिरू देत नाही. त्यावर सुती कापड हवंच आणि त्या कापडाला एकही चुणी नको. अण्णा कारखान्यातून पोपलीनचे तुकडे आणायचे. सायझिंगची कांजी अंगात असलेलं कोरं कापड खरखरीत असतं. मी ते दोनदा उकळत्या पाण्यातून काढायचो, पिळून वाळवायचो, मग तळहाताने ओढून ओढून सपाट करायचो. दर दोन तासांनी आईची कूस बदलायची. पोटऱ्यांखाली उशी द्यायची, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. माकडहाड, खुबे, घोटे रोज उजेडात बघायचे. कुठे लाली दिसली तर अंगठ्याने दाबून सोडायचं. जागा पांढरी पडून पुन्हा रंगावर आली तर ठीक. दाबूनही लाल ती लालच राहिली तर आत मांस दुखावलेलं असतं, त्या कुशीवर मग तिला निजवायचंच नाही. सावळ्या कातडीवर लाली चटकन कळत नाही. तिथे बोटांची मागची बाजू टेकवून ऊब बघावी लागते. हे मला मिरजेच्या दवाखान्यात एका वयस्क सिस्टरनी पहिल्या मुक्कामात शिकवलं.

त्याच सिस्टर पुढेही एकदा भेटल्या. लघवीच्या नळीचा त्रास झाला म्हणून आईला पुन्हा मिरजेला नेलं होतं. त्यांनी आईला कुशीवर घेतलं, मानेपासून खाली पाठीवरून हात फिरवला, कमरेशी थांबल्या. आमच्याकडे न बघताच विचारलं, ‘हिचं कोण करतं?’ अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. सिस्टरनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पलीकडच्या शिकाऊ मुलींना हाक मारली, ‘इकडे या. बघा, पाठ अशी ठेवायची असते.’ मिसरूड फुटलेला मी, भिंतीला टेकून उभा होतो.

पुढे नोकरीसाठी अनुभव विचारला गेला की दरवेळी मला ती पाठ आठवायची.

दवाखान्यात मेणकापडाला मॅकिंटॉश म्हणतात. ग्लासगोचे रसायनतज्ज्ञ चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली त्याचं पेटंट घेतलं. कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवायचं आणि तो लेप कापडाच्या दोन थरांमध्ये बसवायचा. पावसाळी कोटांसाठी केलेली ही युक्ती. सुरुवातीचे कोट थंडीत ताठ व्हायचे आणि उन्हात चिकटायचे. गंधक घालून रबर तापवायची रीत पुढे निघाली तेव्हा कुठे ते सरळ झाले. हे मी फार उशिरा वाचलं. वाचताना डोळ्यांपुढे ग्लासगो आलं नाही. एप्रिलमधली आमची पत्र्याची खोली आली, आणि दुपारी तीनला ओल्या फडक्याने आईची पाठ टिपणारा मी.

थोरल्या काकांवर माझा राग आहे. तो गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही. दर दिवाळीला ते यायचे, दारातल्या खुर्चीवर बसायचे आणि आईला ऐकू जाईल असं म्हणायचे, ‘पोराचं वाटोळं झालं की.’ ते गेल्यावर आई पाणी प्यायची बंद व्हायची. पाणी कमी म्हणजे पिशवी कमी भरणार, माझं उठणं कमी होणार, असा तिचा हिशेब. नळी असलेल्या माणसाने पाणी तोडलं की आत गाळ साचतो, ताप येतो. मी फुलपात्र घेऊन बसायचो. ती तोंड फिरवायची. कूस नाही, पण तोंड तिला स्वतःहून फिरवता येत होतं. ‘आई, तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी पी,’ म्हटलं की मग प्यायची.

ती गेली. तेराव्यानंतर अण्णा म्हणाले, ‘आता तुझं बघ.’

माझं काय बघायचं? आठवी पास, वय सव्वीस. लूमवर गेलो तर माझ्या वयाचे गडी चार-चार माग सांभाळत होते आणि मला गाठही मारता येत नव्हती. मेडिकल दुकानात गोळ्यांची नावं मला मालकाइतकी पाठ होती, पण तिथे दहावीचा तरी कागद हवा होता. वॉचमनच्या एका कंत्राटदाराने अर्ज वाचला आणि आवाज खाली घेऊन विचारलं, ‘आत होतास का?’ मी म्हटलं, ‘आईचं करत होतो.’ तो म्हणाला, ‘ते झालं रे. काम काय करत होतास?’ आणि अनुभवाच्या रकान्यात त्याने आडवी रेघ मारली.

त्याला मी दाखवणार तरी काय होतो? शिंप्याला सदरा दाखवता येतो, गवंड्याला भिंत. माझं काम नीट झालं याची खूण म्हणजे न झालेली जखम, आणि ती ज्या पाठीवर झाली नव्हती ती पाठ पंचगंगेकाठी जळून गेली होती.

वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांच्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११च्या मार्चमध्ये दिला. लोक दयामरणावर बोलत होते. मी त्या बातमीतली दुसरीच ओळ धरून बसलो. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांनी न्यायालयाला कळवलं होतं की ३७ वर्षांत अरुणा यांना एकदाही बेडसोर झाला नाही. सदतीस वर्षं, पाळ्या बदलत गेल्या, परिचारिका निवृत्त झाल्या, नव्या आल्या, आणि पाठ तशीच राहिली. न झालेल्या जखमेची नोंद देशाच्या सर्वोच्च न्यायालयात झाली, हे मला आजही फार मोठं वाटतं.

नोंदीचंच सांगायचं तर, सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. निवडलेल्या घरांतल्या सहा वर्षांपासून वरच्या प्रत्येकाला विचारलं, तुझा दिवस कुठे जातो? घरातल्या माणसांची बिनपैशाची देखभाल करणाऱ्या बायका निघाल्या शेकडा २७.६, पुरुष शेकडा १४. वय सहापासून धरलं हे मला पटलं. कुणाच्या तरी उशाशी बसलेली पोरं त्या आकड्यांत कुठेतरी आहेतच.

शेवटी मला काम मिळालं ते मिरजेतच, वॉर्डबॉयचं. इथे आम्हाला सगळे ‘मामा’ म्हणतात. मग बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी दिली. पुढे रुग्णसेवेच्या प्रमाणपत्रासाठी परीक्षा झाली. पुतळ्याला कुशीवर वळवायचं होतं. पुतळा वळवून झाल्यावर माझा हात आपोआप त्याच्या माकडहाडावर गेला. परीक्षक बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

आता घरी सोडायच्या आदल्या दिवशी नातेवाइकांना शिकवायचं काम माझ्याकडे असतं. परवा अर्धांगाच्या एका पेशंटबरोबर फक्त त्यांचा मुलगा होता, दहावीतला. चादरीची चुणी त्याने मी सांगायच्या आधीच ओढली. मी त्याला लाली दाबून बघायला शिकवलं, आणि मग विचारलं, ‘शाळेचं काय?’ तो म्हणाला, ‘बघू.’ हे ‘बघू’ मला चांगलं ठाऊक आहे. त्याच्या चुलत्यांना मी बाहेर बोलावलं आणि जरा जास्तच बोललो. पोराने बोर्डाचा फॉर्म भरलेला आहे, पेपर अकराला सुरू होतो आणि दोनच्या सुमारास सुटतो, दहाला एकदा कूस बदलली की बारा आणि दोनच्या खेपेला दुसरं कुणीतरी हवं. चुलते म्हणाले, ‘आमच्याकडं कोण हाय मामा?’

त्यांचं घर माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडे. मी मार्चसाठी रात्रपाळी मागून घेतली आहे. भूमितीच्या पेपरच्या आदल्या रात्रीचंच अडलंय, त्या रात्रीची पाळी भलत्याच वॉर्डात लागली आहे आणि तिथून सकाळी वेळेवर सुटका होत नाही. उद्या मुकादमांना पुन्हा गाठतो.