दारावरची हाक

२०२३ च्या नोव्हेंबरात ख्रिस्तराजाच्या सणाचे प्रवचन मी लिहीत होतो. शुभवर्तमान होते मत्तयाच्या २५ व्या अध्यायातील अंतिम न्यायाचे. इतक्यात एका वृद्धाने दाराशी येऊन पाणी मागितले. ‘थोड्या वेळाने या,’ मी खिडकीतूनच म्हणालो. पुढचे वाक्य तहानलेल्यांविषयीचे होते. लेखणी थबकली. धावत बाहेर गेलो. रस्ता रिकामा होता.

जगाचा अंत कधी, असे भाविक विचारतात. ती घटका पित्यावाचून कोणालाच ठाऊक नाही. न्यायाच्या दिवशीचे प्रश्न मात्र प्रभूने आधीच सांगून ठेवले आहेत. ते इतरांना शिकविणारा मीच अनुत्तीर्ण झालो. आता दाराशी पाण्याचा माठ असतो. तो वृद्ध मात्र पुन्हा आला नाही. आमची भेट त्या दिवशी होईलच.